मंदावलेल्या तारेचा पंचनामा

साताऱ्याच्या जुन्या पेठांतील दगडी भिंतींच्या वाड्यांत वायफायच्या लहरी माजघर ओलांडून माडीवर पोहोचेपर्यंत क्षीण होतात, आणि म्हणून संगणकापर्यंत केबलच ओढून घेणे तेथे अधिक भरवशाचे ठरते. परंतु दरमहा ३०० मेगाबिटांचे पैसे मोजूनही त्या केबलवर गती ९४ च्या पुढे सरकत नाही असे आढळले, की गृहस्थाचा सारा रोष सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे वळतो. वास्तविक हा ९४ चा आकडाच खऱ्या अपराध्याकडे बोट दाखवीत असतो.

केबलच्या आवरणाखाली आठ तारा असतात आणि दोन-दोन तारा एकमेकींभोवती पिळून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. शेजारच्या प्रवाहांचा उपसर्ग अशा पिळाने निष्प्रभ करण्याची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली टेलिफोनसाठी योजिली होती. सेकंदाला १०० मेगाबिटांच्या वाहतुकीस यांपैकी नारिंगी व हिरवी या दोनच जोड्या पुरतात, तर १९९९ साली प्रमाणित झालेल्या १००० मेगाबिटांच्या पद्धतीस चारही लागतात. त्यामुळे निळ्या अथवा तपकिरी जोडीतील एखादी तार तुटली, तरी संदेशवहन सहसा बंद पडत नाही. दोन्ही टोकांची यंत्रे आपसांत तडजोड करून बहुधा १०० च्या पायरीवर उतरतात, आणि माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत जाणाऱ्या नाव-पत्त्याचा खर्च वजा जाता पदरात ९४ च्या सुमारास उरतात.

तेव्हा तक्रार गुदरण्यापूर्वी घराच्या हद्दीतील तारेचा पंचनामा करावा. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग १०० दिसतो की १०००, हे प्रथम पाहावे. मग वायफाय बंद करून, राउटरशेजारीच बसून, आखूड व नव्या केबलने संगणक जोडावा आणि गती मोजावी. ती पूर्ण भरली, तर दोष माडीवर जाणाऱ्या तारेचा. न भरली, तर राउटरचे अथवा संगणकाचे पोर्टच १०० मेगाबिटांचे आहे काय, हे खोक्यावरील मजकुरावरून ताडून पाहावे. शिवाय बिट आणि बाइट यांची गल्लत करू नये: आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने ३०० मेगाबिटांच्या जोडणीवर फाइल सेकंदाला ३७ मेगाबाइटांनी उतरत असेल, तर हिशेबात खोट नाही.

दोष तारेचाच ठरला, तर टोकाचा पारदर्शक प्लग उजेडात धरावा. आठ रंगीत तारांची टोके प्लगच्या अग्रभागापर्यंत सारखी भिडलेली दिसली पाहिजेत; एखादी अलीकडेच थांबली असेल, तर प्लग कापून नवा बसविणे हाच उपाय, आणि केबलवाल्याकडील चिमट्याने तो काही मिनिटांत होतो. महाबळेश्वराकडील पावसात पागोळीखालून नेलेल्या केबलच्या आवरणाला चीर पडून पाणी आत शिरते. सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर ज्या तळमजल्यांत शिरला, तेथील जुन्या जोडण्यांत हिरवट कळंक चढला नाही ना, हेही तपासणे अगत्याचे आहे. स्वस्त केबलमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. ते वारंवार वाकविल्यास तुटते, म्हणून खरेदी करताना शुद्ध तांब्याची तार मागून घ्यावी आणि एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतची लांबी १०० मीटरांच्या आत ठेवावी.

एवढे करूनही राउटरशेजारची गती अपुरीच राहिली, किंवा सकाळी पुरेशी असून रात्री नऊच्या सुमारास कोसळू लागली, तर मात्र दोष घराबाहेरचा समजावा. अशा वेळी तारीख, वेळ आणि प्रत्यक्ष केबलने मोजलेली गती यांची नोंद जोडून केलेली तक्रार टोलविणे कंपनीला अवघड जाते.