खेळ पाहणारा आणि भाव पाहणारा

1923 साली इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात, ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर सामन्यासाठी लोटलेल्या गर्दीत 4,000 छापील कूपने वाटली गेली. तार कंपनीत नोकरी करणाऱ्या जॉन मूर्स आणि त्याच्या दोन मित्रांची ही कल्पना होती. आठवड्यातील सामन्यांचे निकाल ओळखावयाचे आणि कूपनासोबत थोडी रक्कम पाठवावयाची. जमलेल्या पैशातून कंपनीने आपला वाटा काढून घ्यावयाचा व उरलेली रक्कम अचूक भाकीत करणाऱ्यांत वाटावयाची, असा हा व्यवहार होता. 4,000 पैकी अवघी 35 कूपने परत आली. दोघे मित्र लवकरच बाजूला झाले. मूर्स मात्र टिकून राहिला आणि दहा वर्षांच्या आत लक्षाधीश झाला. ‘लिटलवुड्स पूल्स’ हे नाव पुढे इंग्लंडच्या घराघरांत पोहोचले.

फुटबॉलच्या चालकांना हे आरंभी मुळीच रुचले नव्हते. 1936 साली फुटबॉल लीगने सामन्यांचे वेळापत्रक गुप्त ठेवून हा धंदा मोडून काढण्याचा प्रयत्न केला. पण प्रेक्षकांनाच कोणाचा सामना कोणाशी हे कळेना, क्लब वैतागले आणि काही आठवड्यांतच तो बेत गुंडाळावा लागला. 1959 मध्ये न्यायालयाने वेळापत्रकावरील लीगचा स्वामित्वहक्क मान्य केला आणि पूल्स कंपन्या लीगला मोबदला देऊ लागल्या. काल जो विरोधक होता तो आज हिस्सेदार झाला. पुढील साठ वर्षांचा इतिहास बराचसा या हिस्सेदारीचाच इतिहास आहे.

तथापि, पूल्सचा जुगार संथ होता, हे मान्य करावे लागेल. आठवड्यातून एकदा, काही पेन्सांचा आणि बहुधा टपालाने चालणारा. शनिवारी सायंकाळी पाच वाजता बीबीसी रेडिओवर निकाल वाचले जात. जेम्स अलेक्झांडर गॉर्डन या निवेदकाने 1974 पासून 2013 पर्यंत ते वाचले. त्याच्या आवाजाच्या चढउतारावरूनच दुसऱ्या संघाचे गोल किती, हे आकडा उच्चारण्यापूर्वी श्रोत्यांना उमगत असे. 1963 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात मैदाने गोठली, सामने धडाधड रद्द होऊ लागले आणि कूपनांचा हिशोब अडला. तेव्हा पूल्स कंपन्यांनी जाणकारांचे एक मंडळ नेमले. बंद दाराआड बसून, जे सामने खेळलेच गेले नाहीत त्यांचे निकाल ते जाहीर करू लागले! खेळ झाला नाही तरी चालेल, वही मिटली पाहिजे, ही जुगाराची वृत्ती यापेक्षा स्पष्ट कोठे दिसणार? पण एक गोष्ट उरत होती. सामना सुरू होण्यापूर्वीच कूपन हातावेगळे झालेले असे. नव्वद मिनिटे प्रेक्षकाचे हात मोकळे होते आणि डोळेही.

हे डोळे कोणाचे होते, हे समजून घेतले पाहिजे. इंग्लंडमधील क्लब कारखान्यांतून आणि चर्चमधून जन्माला आले. आर्सेनल हा दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यातील कामगारांचा, वेस्ट हॅम हा जहाजबांधणी कारखान्याचा, तर एव्हर्टन हा एका चर्चचा संघ. महाराष्ट्रातील वाचकांस हे नाते परके वाटू नये. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा मैदानात जमतात. तेथे हार झाली तर ती पेठेची हार असते आणि तिचे दुःख वाटून घ्यावयास शेजारी असतो. जिंकण्याहरण्याने कोणाच्या खिशात काही पडत नाही. समर्थकाचा आनंद या नि:स्वार्थ आपलेपणावर उभा असतो.

सट्ट्याने घाव घातला तो नेमका येथे, आणि तो घाव वेगाने आला. 1960 च्या कायद्यान्वये ब्रिटनमध्ये मे 1961 पासून सट्ट्याची दुकाने अधिकृतपणे उघडली. 2005 च्या कायद्याने जाहिरातींची वाट मोकळी केली आणि 2007 पासून दूरचित्रवाणीवर त्यांचा वर्षाव सुरू झाला. पाठोपाठ स्मार्टफोन आला. आता पैज सामन्यापूर्वीच लावावी लागत नाही. सामना चालू असताना क्षणोक्षणी लावता येते. पुढचा कॉर्नर कोणाला, पिवळे कार्ड कोणास, दहा मिनिटांत गोल होईल की नाही, प्रत्येकाचा भाव फोनवर हलत असतो. पूर्वी आठवड्याला एक पैज होती, आता एका सामन्यात वीस लावता येतात.

या भावांचे गणित फारसे कोणी मांडून पाहत नाही. उदाहरणादाखल एका सामन्यासाठी यजमान संघाच्या विजयाला 2.10, बरोबरीला 3.40 आणि पाहुण्या संघाच्या विजयाला 3.50 असा भाव आहे असे धरू. म्हणजे यजमान जिंकल्यास लावलेल्या प्रत्येक रुपयाचे मुद्दलासह दोन रुपये दहा पैसे परत मिळतील. आता निकाल कोणताही लागो, हाती नेमके 100 रुपये यावेत अशा बेताने तिन्ही बाजूंना पैसे लावावयाचे ठरवले, तर अनुक्रमे 47.62, 29.41 आणि 28.57 रुपये लावावे लागतील. बेरीज होते 105.60. शंभर रुपये परत मिळविण्यासाठी एकशे पाच रुपये साठ पैसे! वरचे पाच रुपये साठ पैसे ही बुकीची बैठी कमाई. पाच सामने एकत्र गुंफलेली पैज तर तरुणांना विशेष प्रिय असते, कारण थोड्या पैशात मोठे घबाड दिसते. परंतु प्रत्येक कडीला ही कपात लागत जाते आणि पाचव्या कडीपाशी, सरासरीने पाहता, शंभरातील सुमारे चोवीस रुपये आधीच गेलेले असतात. कोणत्याही सावकाराने एवढा दर उघडपणे सांगितला असता तर ऋणको उठून गेला असता.

पण पैशाची हानी मोजता तरी येते. रसाची हानी सहसा कोणी मोजत नाही. ‘सामन्यात एकूण तीनपेक्षा कमी गोल होतील’ अशी पैज लावलेला समर्थक डोळ्यांसमोर आणावा. त्याचा संघ दोन शून्याने पुढे आहे. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला संघातील सर्वांत कोवळा खेळाडू आयुष्यातील पहिला गोल करतो. सारे मैदान उभे राहते आणि हा मात्र बसून राहतो. त्याचे पैसे बुडाले आहेत. दुसरा समर्थक पाच सामन्यांची साखळी गुंफून बसला आहे. समोरची चाल पाहण्याऐवजी तो दूरच्या मैदानावरील बरोबरी मोडते की काय, हे फोनवर पाहत आहे. कित्येक जण मुद्दाम आपल्याच संघाविरुद्ध पैसे लावतात. संघ हरला तर निदान दोन पैसे तरी मिळावेत, असा त्यामागचा विचार. हा विमा वरकरणी शहाणपणाचा वाटतो. वस्तुतः त्या माणसाने आपले सुख आणि दुःख दोन्ही निम्म्याने विकलेले असते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: थोडेसे पैसे लावले की नीरस सामनाही रंगतदार होतो. त्यात तथ्य नाही असे नाही. ज्या दोन संघांशी काडीचा संबंध नाही, त्यांचा मध्यरात्रीचा सामना पैशामुळे पाहवतो, हे खरे. पण मग पाहिले जाते ते काय? फुटबॉल हा मुळात थोड्या गोलांचा खेळ आहे. त्यातील बराचसा वेळ चेंडू इकडून तिकडे फिरविण्यात, जागा शोधण्यात आणि चुकण्यात जातो. ज्याला तो वेळ वाचता येतो, त्यालाच गोलाची किंमत कळते. प्रत्येक मिनिटाला काही तरी घडलेच पाहिजे ही सवय जडली की हा संथ भाग असह्य होतो, आणि मग पैज नसलेला सामना पाहवतच नाही. धर्मग्रंथांनी सप्तव्यसनांची गणना करताना द्यूताला पहिले स्थान दिले आहे. मद्य आणि चौर्य ही त्यानंतर येतात. हा क्रम योगायोगाचा नसावा.

रोग खेळाडूंपर्यंतही पोहोचला. डिसेंबर 1962 मध्ये शेफील्ड वेन्झडे संघाच्या टोनी के, पीटर स्वान आणि डेव्हिड लेन या तिघांनी इप्सविचविरुद्ध आपलाच संघ हरेल अशी पैज लावली आणि संघ 2-0 ने हरला. 1964 मध्ये हे प्रकरण उघडकीस आले. पुढील वर्षी तिघेही तुरुंगात गेले. त्यांनी प्रत्येकी 50 पौंड लावले होते आणि कमावले होते 100 पौंड. अलीकडे, मे 2023 मध्ये, ब्रेंटफर्डच्या आयव्हन टोनी याच्यावर 232 नियमभंगांसाठी आठ महिन्यांची बंदी आली. त्याला जुगाराचे व्यसन जडल्याचे वैद्यकीय निदानही निकालपत्रात नमूद झाले. त्या वेळी ब्रेंटफर्डच्या जर्सीवर छातीशी झळकत होते ते एका सट्टा कंपनीचेच नाव. त्याच वर्षी इटलीचा सांद्रो टोनाली दहा महिन्यांसाठी बाहेर गेला. अशा प्रत्येक प्रकरणानंतर प्रेक्षकाच्या मनात एक शंका घर करते. हुकलेली पेनल्टी ही केवळ हुकलेली पेनल्टी राहत नाही.

क्लबांना हे कळत नाही असे नाही. प्रीमियर लीगच्या क्लबांनी एप्रिल 2023 मध्ये ठरविले की, 2025-26 चा हंगाम संपल्यावर जर्सीच्या पुढील भागावर सट्टा कंपन्यांची नावे असणार नाहीत. बाहीवर मात्र चालतील. मैदानाभोवतीच्या फलकांवरही चालतील. निर्णय झाल्यानंतरच्या 2024-25 च्या हंगामातही 20 पैकी 11 क्लबांच्या छातीवर ही नावे होती. यांतील अनेक कंपन्यांचे लक्ष इंग्लंडच्या प्रेक्षकाकडे नसून आशियातील प्रेक्षकाकडे असते, आणि आशियातील प्रेक्षकांत रात्री साडेसात-साडेआठला पुण्यात, सांगलीत किंवा बेळगावात दूरचित्रवाणीसमोर बसलेला मुलगाही येतो.

भारतात ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा संमत करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यासाठीच्या बँक व्यवहारांवर बंदी घातली. परदेशी संकेतस्थळे तेवढ्याने अदृश्य होत नाहीत. ब्रिटनमध्ये अशा व्यवहारांना कार्डयंत्रणेत 7995 हा स्वतंत्र संकेतांक असतो. म्हणूनच तेथील अनेक बँका ग्राहकाच्या इच्छेनुसार जुगाराचे व्यवहार एका कळीसरशी रोखू शकतात. 2020 पासून तेथे क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यासही मनाई आहे. बेकायदा व्यवहाराला असा संकेतांक नसतो. येथे पैसे जातात ते अनोळखी व्यक्तींच्या खात्यांवर, यूपीआयने, दोनशे-पाचशेच्या तुकड्यांत. ही खाती अनेकदा भाड्याने घेतलेली असतात. दोनचार हजारांच्या मोबदल्यात आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती देणारा विद्यार्थी आपण केवळ मदत करीत आहोत असे समजतो. चौकशी सुरू झाली की खाते गोठते आणि पहिली नोटीस येते ती त्याच्याच नावे.

घरातल्यांना उतारा पाहण्याआधीच काही गोष्टी दिसू शकतात. ज्या संघांची नावेही कधी त्याच्या तोंडी नव्हती, त्यांचे सामने मुलगा रात्री दोन वाजता पाहतो. कॉर्नर मिळाला की मूठ आवळतो. आणि लहानपणापासून ज्या संघाचे चित्र भिंतीवर लावले, त्याने गोल केला तरी आधी फोनकडे पाहतो.