कोब्यात दडलेले पाणी

काँक्रीटचा नवा कोबा महिनाभरात पांढुरका पडतो, हाताला कोरडा लागतो. आता त्यावर इपॉक्सीचा लेप देण्यास हरकत नाही असे वाटते. पुढे कधीतरी त्या लेपावर फोड उठतात आणि फोडाखाली पाणी सापडते. शस्त्रक्रियागृहात वा दुग्धशाळेत असा फोड फुटला, की त्या खळगीत जंतूंना आसरा मिळतो आणि काम थांबवून सारी जमीन खरवडावी लागते.

हे पाणी बहुधा वरून आलेले नसते. ५० किलोग्रॅमच्या एका पोत्यातील सिमेंटशी रासायनिक संयोग पावण्यास सुमारे १२ लिटर पाणी लागते. काँक्रीट नीट पसरावे म्हणून त्यात २५ ते ३० लिटर घातले जाते. जास्तीच्या पाण्याचा बराच भाग केसाहून बारीक रंध्रांतून वर येऊन बाष्परूपाने निघून जातो. पण हा प्रवास फार मंद असतो. जाडीच्या दर २५ मिलिमीटरांस एक महिना, असा ढोबळ अंदाज आहे, तोही हवा कोरडी असेल तर. मुंबईच्या जुलै महिन्यात त्यावर कोणी विसंबू नये! शिवाय कोब्याखाली पॉलिथिनचा कागद अंथरलेला नसेल, तर मातीतील ओल केशाकर्षणाने वर चढतच राहते.

वाळणारा कोबा वर कोरडा व आत ओला असतो. लेपाने वरची वाट बंद झाली, की आतील ओल हळूहळू सर्वत्र सारखी पसरते आणि लेपाच्या तळाशी येऊन ठेपते. म्हणूनच एका बाजूने वाळणाऱ्या १०० मिलिमीटर जाडीच्या कोब्यात ४० मिलिमीटर खोल छिद्र पाडून तेथील सापेक्ष आर्द्रता मोजतात. लेपानंतर पृष्ठभागाशी साधारण तीच राहणार असते. साधी परीक्षाही आहे. ४५ सेंटिमीटर चौरस पॉलिथिनचा तुकडा चारी कडांनी चिकटवून किमान १६ तास ठेवावा. खाली दव जमले वा काँक्रीट काळवंडले, तर ओल निश्चित आहे. काहीच न दिसल्यास मात्र कोबा कोरडा ठरत नाही.

ओलीबरोबर काँक्रीटमधील अल्कलीही वर येते. तिच्यामुळे तैलरंगातील तेलाचा साबण होतो व रंग सुटतो. ओलरोधक इपॉक्सी प्रायमर तिला दाद देत नाही. रेझीन व कठिणकारक मिसळून केलेला हा पातळ द्रव रंध्रांत शिरून घट्ट होतो आणि बाष्पाची गती पुष्कळ कमी करतो. मात्र घोटताना कोब्यावर आलेली सिमेंटची ठिसूळ साय आधी यंत्राने घासून काढली पाहिजे व धूळ शोषून घेतली पाहिजे. नाहीतर प्रायमर सायीला चिकटतो आणि तिच्यासकट निघून येतो.

प्रायमर देताना जमिनीचे तापमान दवबिंदूहून निदान ३ अंश सेल्सियसने अधिक असावे. सकाळी कोबा तापू लागतो तेव्हा रंध्रांतील हवा प्रसरण पावून ओल्या थरातून बुडबुड्यांनी बाहेर पडते व सुईच्या टोकाएवढी छिद्रे ठेवून जाते. दुपार उलटून कोबा निवू लागल्यावर हे संकट टळते. तरीही चांगला कारागीर पहिला थर सुकल्यावर तिरप्या उजेडात छिद्रे शोधतो आणि दुसरा थर पहिल्याच्या आडव्या दिशेने देतो.