मॅक्रो व फलन यांचा नामसंघर्ष (सी भाषा)

सी या संगणक भाषेच्या प्रमाण ग्रंथालयातील फलनाच्याच नावाचा मॅक्रो असल्यास उद्‌भवणारा संघर्ष. भाषांतरापूर्वी मॅक्रोच्या नावाजागी त्याचा मजकूर घातला जातो. त्यामुळे फलन बोलावण्याचा वेळ वाचतो; परंतु मजकुरात प्राचल दोनदा आल्यास त्याचे मूल्यही दोनदा काढले जाते. म्हणून १९८९ च्या अमेरिकन राष्ट्रीय प्रमाणाने अशा मॅक्रोंवर प्रत्येक प्राचलाचे मूल्य एकदाच काढण्याचे बंधन घातले. गेटसी व पुटसी यांना मात्र धारादर्शक प्राचलापुरती सूट आहे. त्या प्राचलात दर्शक पुढे सरकविणारी क्रिया असल्यास एखादी फाइल नकळत वगळली जाण्याचा संभव असतो. नावानंतरचे चिन्ह उघडा कंस असेल, तरच अशा मॅक्रोचा विस्तार होतो. म्हणून नावच कंसात लिहिल्यास मूळ फलन वापरले जाते. ‘अनडेफ’ या आदेशानेही हे साधते.