अस्वलाच्या रानात जाताना

मंडळी, दोन मित्र आणि अस्वल यांची गोष्ट आपण सारे शाळेत शिकलो, आणि आपल्यापैकी कित्येकजण ती आता मुलांना शिकवीत आहेत. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा मेल्याचे सोंग घेऊन पडून राहतो. मैत्रीचा धडा म्हणून ती ठीकच आहे. पण इसाप ग्रीस देशातला. आपल्या मेळघाटातले, चंद्रपूर-गडचिरोलीकडचे किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यातले अस्वल मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढणारे! त्या झाडावरच्या मित्राचे आपल्याकडे काय झाले असते, हे सांगायला नको.

१७९१ साली जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या जनावराची लांब नखे आणि दात पाहून त्याला अमेरिकेतल्या स्लॉथ नावाच्या, फांद्यांना लोंबकळणाऱ्या आळशी प्राण्याचा भाऊबंद ठरविले. चूक पुढे सुधारली, इंग्रजी नावातला आळस मात्र राहिला. वास्तविक त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेते आणि तेव्हा शंभर पावलांवर ऐकू जावा असा आवाज करते. धोक्याचे मूळ इथेच आहे. नाक तिखट, पण नजर अधू. त्यात तोंड वारुळात. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. मग ते दचकते. हरीण दचकले की पळते, अस्वल दचकले की अंगावर येते. वाघाच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या काढल्यामुळे त्याला ही खोड लागली, असे जाणकार मानतात. पाठीवर पिले घेऊन हिंडणारी मादी तर विचारूच नका.

तेव्हा मुख्य गोष्ट एकच, त्याला दचकवायचे नाही. आमच्या कॉलेजचे शिबिर मेळघाटात होते, तेव्हा वाट दाखवायला एक म्हातारे कोरकू गृहस्थ बरोबर असत. दर वळणाला ते मोठ्याने खाकरत आणि काठी दगडावर आपटीत. तिसऱ्या दिवशी एका मुलाने त्यांना खोकल्याची गोळी देऊ केली. ते म्हणाले, “खोकला नाही रे बाबू. आतल्याला कळाया पाहिजे ना, आपण येतोय म्हणून.” कानात गाणी अडकवून सर्वांच्या पुढे चालणाऱ्या एका मुलाला मी त्याच क्षणी मागे बोलावले.

सहल नेणाऱ्या गुरुजींनी मुलांना घोळक्याने, बोलत-चालत न्यावे. गुहा-कपारीत डोकावू देऊ नये. हिवाळ्यात तिथे पिले असतात. मुक्काम वनखात्याने दिलेल्या जागीच करावा. वारुळापाशी, पाणवठ्याला किंवा मोहाखाली तंबू नको, आणि तंबूत गूळ, फळे, उष्टे-खरकटे नको. रात्री बाहेर जायचे झाले तर दोघांनी, बत्ती घेऊन.

पण सहल टाळता येते, मोहफुले टाळता येत नाहीत. मार्च-एप्रिलात रात्रीतून गळलेली फुले पहाटे वेचायची, नाहीतर ती गुरांच्या तोंडी जातात. अस्वलालाही तीच फुले आवडतात आणि तीच वेळ सोयीची. “रानात जाऊ नका” हा उपदेश पंख्याखाली बसून करणे सोपे आहे. ज्या घराची मीठमिरची या फुलांवर चालते, ते घर तो ऐकणार नाही, आणि ऐकावा असे मीही म्हणत नाही. म्हणतो ते एवढेच की, चांगले फटफटल्यावर निघा. थोडी फुले जातील, जाऊ द्या. एकटी बाई किंवा एकटे पोर नको, चार घरे मिळून जा. झाडापासून लांबच थांबून हाका मारा, डबा वाजवा, जनावराला निघून जायला वेळ आणि वाट द्या. वेचणारा वाकलेला असतो, म्हणून एकाने उभे राहून नजर ठेवावी. तेंदूपत्त्याच्या वेळीही हेच.

इतके करूनही समोर आलेच तर? पळू नका, बोजड दिसले तरी ते माणसाहून वेगाने धावते. दगड मारू नका, फोटोच्या नादी लागू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरा. सोबत्यांनी पांगू नये, एकत्र उभे राहावे. अंगावर झेपावलेच, तर मात्र गोष्टीतल्या दुसऱ्या मित्राचे ऐका, पण पालथे पडा. तोंड जमिनीशी, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफलेली, पाठीवर पिशवी असल्यास तशीच. अस्वल गुदगुल्या करून मारते ही ऐकीव गोष्ट आहे. त्याची बोटभर नखे आणि दात बहुधा डोक्या-चेहऱ्यावरच येतात. ते गेल्यावरही थोडा वेळ हलू नका.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा. ओरखडे साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तंबाखू काहीही भरू नका. १०८ वर गाडी बोलवा. दवाखान्यात धनुर्वाताची आणि रेबीजची लस मागून घ्या. वनखात्याला १९२६ वर लगेच कळवा, कारण जखमी माणसाला सरकारकडून भरपाई मिळते आणि त्यासाठी पंचनामा लागतो. मोहाचा हंगाम लागण्यापूर्वी हे दोन आकडे शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवले, तर टोपली घेऊन जाणाऱ्या बायांनाही जाता-येता दिसतील.