उशाशी बसलेली बाई

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात जेफरसन डेव्हिस नावाचं सरकारी रुग्णालय होतं. पैसे नसलेल्या, बहुतेक तरुण आणि पहिलटकरीण असलेल्या बायका तिथे बाळंतपणाला येत. या रुग्णालयात झालेल्या एका प्रयोगाची हकीकत १९९१ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आली. कळा सुरू होऊन दाखल झालेल्या ४१२ निरोगी पहिलटकरणींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते. पहिल्या गटातल्या प्रत्येकीजवळ दाखल झाल्यापासून मूल हातात येईपर्यंत एक बाई बसून राहिली. ती हात धरायची, पाठ चोळायची, काय चाललंय ते समजावून सांगायची. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकीच्या खोलीतही एक बाई होती, पण ती पलंगापासून दूर बसून फक्त नोंदी करायची आणि बाळंतिणीशी एक शब्दही बोलायची नाही. यांखेरीज नेहमीच्या पद्धतीने बाळंत झालेल्या २०४ जणींची माहिती नंतर गोळा करून तुलनेला घेतली.

नेहमीच्या पद्धतीतल्या १८ टक्के बायकांचं सिझर झालं. जवळ बसणारी बाई होती त्या गटात हे प्रमाण ८ टक्के होतं. नैसर्गिकरीत्या बाळंत झालेल्यांपैकी कण्यातून भूल द्यावी लागली ती नेहमीच्या गटात ५५.३ टक्के जणींना आणि सोबतीच्या गटात ७.८ टक्के जणींना. हे आकडे मोठे आहेतच, पण मी थांबले ती मधल्या गटापाशी. कोपऱ्यात नुसती गप्प बसलेली ती बाई! तिच्या खोलीत सिझरचं प्रमाण १३ टक्के होतं आणि भुलीचं २२.६. तिने हात धरला नव्हता, धीराचा शब्द उच्चारला नव्हता. आपल्यासाठी कुणीतरी खोलीत आहे आणि ते उठून जाणार नाही, एवढ्यानेच शरीरात आणि कदाचित डॉक्टर-नर्सांच्या वागण्यातही फरक पडला. मला तर हा या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो.

या प्रयोगाची मुळं ग्वातेमाला देशात आहेत. मार्शल क्लाऊस आणि जॉन केनेल हे क्लीव्हलंडचे दोन बालरोगतज्ज्ञ. जन्मानंतरच्या पहिल्या तासांत आई आणि बाळ यांच्यात काय घडतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. ग्वातेमालातल्या सरकारी रुग्णालयांत प्रसूतिकक्ष गच्च भरलेले असत आणि नातेवाइकांना आत मज्जाव असे. बाई कळा देत एकटी पडून राहायची. पुढे त्यांनीच सांगितलेली गोष्ट अशी की, अभ्यासाला मदत करणारी एक वैद्यकीय विद्यार्थिनी सुरुवातीच्या काही बायकांजवळ पहिल्यापासूनच बसून राहिली. तिला खरं तर बाळ जन्मल्यानंतरच्या नोंदी करायच्या होत्या, पण त्या एकट्या बायकांना सोडून जाणं तिच्याने झालं नाही. त्या बायकांचं सगळं इतकं लवकर आणि सुरळीत पार पडलं की अभ्यासाचा विषयच बदलला.

१९८०चा त्यांचा पहिला निबंध लहानसाच आहे. गुंतागुंत न होता बाळंत झालेल्या वीस-वीस बायका दोन्ही गटांत हव्या होत्या. सोबत असलेल्या गटात त्यासाठी ३३ बायका पुरल्या, तर एकट्या राहिलेल्या गटात १०३ घ्याव्या लागल्या. दाखल झाल्यापासून सुटका होईपर्यंतचा सरासरी वेळ सोबतीच्या गटात ८.८ तास होता आणि एकटीचा १९.३ तास. सोबत करणाऱ्या बायका प्रशिक्षित नव्हत्या, बाळंतिणीच्या नात्यातल्या नव्हत्या आणि दोघींची भेटही रुग्णालयातच प्रथम झालेली. अशा सोबतिणीला पुढे ‘डूला’ म्हणू लागले. हा शब्द मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी १९७३च्या आपल्या स्तनपानावरच्या पुस्तकात वापरला होता. १९९२ साली क्लाऊस, केनेल, पेनी सिमकिन आणि इतरांनी मिळून डूलांची संघटना काढली आणि हे काम व्यवसाय म्हणून उभं राहिलं.

नुसत्या सोबतीने असं का व्हावं? गर्भाशयाला कळा आणण्याचं काम ऑक्सिटोसिन हे संप्रेरक करतं. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं आणि कळांच्या सुरुवातीच्या टप्प्यात ते या कामाच्या आड येतं. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने १९३३ सालीच मांडलं होतं की भीतीने शरीर आवळतं, आवळल्याने वेदना वाढते आणि वेदनेने भीती. आपल्याकडे ‘बाई अडली’ म्हणतात. मूल आडवं असेल किंवा कटिभाग अरुंद असेल, तर अडलेल्या बाईला शस्त्रक्रियाच हवी. पण कितीतरी बायका अनोळखी खोलीत, लख्ख दिव्याखाली, ओरडू नकोस म्हणून दटावलं गेल्यामुळेही अडतात.

इथे सुईणीची आठवण निघतेच, आणि ती निघाली की माणसं हळवी होतात. गावातली सुईण कळा सुरू झाल्यापासून बाळंतिणीजवळ असे. बाईला कधी फिरवायचं, कधी उकिडवं बसवायचं, कंबर कुठे दाबायची हे तिच्या हातांना ठाऊक असे. मूल आणि वार पडल्यावरही ती काही दिवस न्हाऊ-माखू घालायला येई. पण हे ज्ञान वापरणाऱ्या समाजाने तिला कसं वागवलं? नाळ कापणं विटाळाचं मानलं गेलं आणि म्हणून ते बहुधा अस्पृश्य ठरवलेल्या जातींतल्या बायकांच्या माथी आलं. वंश तिच्या हातांनी जगात आणायचा आणि तिला मात्र उंबऱ्याच्या आत एरवी घ्यायचं नाही. शिवाय रक्तस्राव थांबेना किंवा झटके येऊ लागले की तिच्याजवळ इलाज नव्हता. किती बायका अशा गेल्या त्याची मोजदादसुद्धा नाही.

म्हणून बाळंतपण घरातून रुग्णालयात गेलं हे चांगलंच झालं, हे मला स्पष्ट म्हणायचं आहे. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्त्या गावोगाव पोचल्या. २००४-०६ या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. संपूर्ण देशाचा आकडा २५४ वरून ९७ झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं संस्थांमध्ये होतात. अलीकडे शहरी, सुशिक्षित घरांत ‘नैसर्गिक’ बाळंतपणाच्या ओढीने डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका कुणीच नसताना घरी बाळंत होण्याची टूम दिसते, तेव्हा या आकड्यांमागच्या बायका आठवाव्यात.

मात्र घरातून रुग्णालयात जाताना सुईणीबरोबर तिची जागाही गेली. रक्तदाब मोजणारं, बाळाचे ठोके ऐकणारं, सलाईन लावणारं माणूस तिथे आहे आणि ही कामं आवश्यकच आहेत. पण एका सिस्टरकडे एका वेळी चार-पाच टेबलं असली की ती कुणापाशीही बसू शकत नाही. आई आणि सासू दाराबाहेर पिशव्या सांभाळत बसतात, नवरा औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन पळतो. आत असते ती एकटी बाई. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांमधल्या जवळपास निम्म्या, ४७.४ टक्के बाळंतपणांत सिझर झालेलं दिसतं, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. खासगीतल्या या आकड्याला पैसा, डॉक्टरांचा वेळ, खटल्यांची भीती, घरच्यांची घाई अशी पुष्कळ कारणं आहेत. एकटेपण त्यांपैकी एक आहे, आणि सगळ्यांत कमी खर्चात दूर करता येण्यासारखं.

मुंबई-पुण्यात आता डूला काम करतात. गरोदरपणातच त्या दोन-तीनदा भेटतात. आधीच्या बाळंतपणात काय घडलं, कशाची धास्ती वाटते, नवऱ्याला आत यायचंय का, हे विचारून ठेवतात. तारीख जवळ आली की त्यांचा फोन रात्रीही उशाशी असतो. कळा सुरू झाल्या की घरी फेऱ्या मारायला लावायच्या, मोठ्या चेंडूवर बसवून कंबर डोलवायला शिकवायची, कळ चढते तेव्हा माकडहाडावर तळव्याने घट्ट दाब द्यायचा, कळ ओसरली की घोटभर पाणी पाजायचं आणि लघवीला जाऊन यायला सांगायचं. मूत्राशय भरलेलं राहिलं तर बाळ खाली सरकायला अडथळा होतो, ही साधी गोष्ट गर्दीच्या कक्षात सहज विसरली जाते. चालणं आणि ताठ बसणंही तसंच. आडवं पडून राहण्यापेक्षा हिंडत-फिरत राहिलं तर कळांचा पहिला टप्पा तासाभराहून अधिक आखूड होतो, असं अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. तरीही आल्याबरोबर बाईला आडवं करण्याची सवय सुटत नाही.

डूला काय करत नाही तेही तितकंच महत्त्वाचं. ती आतून तपासणी करत नाही, ठोके ऐकत नाही, औषध देत नाही, नाळ कापत नाही. बाईच्या वतीने डॉक्टरांशी भांडतही नाही. सिझर करायचं ठरलं तर ‘का’ हे विचारायला बाईला धीर देते आणि नंतर त्या बाईला आपण हरलो असं वाटू नये म्हणून तिच्याजवळ राहते. आपल्या देशात डूलांची सरकारी नोंदणी नाही. ज्याला वाटेल तो ही पाटी लावू शकतो, त्यामुळे निवड करताना कुटुंबाने या मर्यादा विचारून घ्यायला हव्यात. ‘सिझर होऊच देणार नाही’ अशी हमी देणारीपासून लांब राहावं.

मग हे काम नर्सांनाच का शिकवू नये? तेही करून पाहिलं गेलंय. २००२ साली एलन हॉडनेट आणि सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या १३ रुग्णालयांमधल्या ६,९१५ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्सांना सोबतीचं प्रशिक्षण दिलं आणि त्या बाळंतिणीजवळ राहिल्या, तरी सिझरचं प्रमाण दोन्ही गटांत साडेबारा टक्क्यांच्या आसपासच राहिलं. नर्सांची माया कमी पडली असं मी म्हणणार नाही. पण त्या रुग्णालयाच्या शिस्तीत बांधलेल्या असतात. त्यांना वरिष्ठ असतात, पाळी असते, भरायचे कागद असतात. फक्त या एका बाईशी बांधील असलेलं माणूस लागतं. कॉक्रेन या संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात १७ देशांतल्या २६ अभ्यासांची, पंधरा हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र केली आहे. सतत सोबत मिळाल्यास सिझरची शक्यता सुमारे पाव हिश्शाने घटते, कळांचा काळ थोडा कमी होतो आणि बाळंतपणाची कडवट आठवण राहण्याचं प्रमाणही उतरतं. परिणाम ग्वातेमालाइतके थक्क करणारे नाहीत, पण दिशा तीच आहे.

आणि इथे मला राग येतो. हा सगळा पुरावा मिळाला तो ग्वातेमालातल्या आणि ह्यूस्टनमधल्या गरीब बायकांच्या कळांमधून. सेवा मात्र जगभर पोचली ती प्रथम फी देऊ शकणाऱ्या घरांत. अमेरिकेत आता कुठे ही चूक दुरुस्त होते आहे. आधी ऑरिगन आणि मिनेसोटा, २०२३पासून कॅलिफोर्निया, अशी काही राज्यं गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यातून डूलाचे पैसे देऊ लागली आहेत.

आपल्याकडे त्याहून सोपी वाट कागदावर तयार आहे. फेब्रुवारी २०१६मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण आत असू द्यावी अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. ती नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबण्याची तयारी असावी, उपचारांत ढवळाढवळ करू नये आणि इतर बायकांकडे जाऊ नये. आडोसा पुरेसा असेल तर नवऱ्यालाही येऊ द्यावं. २०१७च्या अखेरीस आलेल्या ‘लक्ष्य’ या प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या सरकारी कार्यक्रमानेही हे उचलून धरलं. यातल्या एकाही अटीला पैसा लागत नाही. आडोशासाठी दोन टेबलांच्या मध्ये पडदा लागतो, तेवढाच खर्च.

तरी दारावर अडवलं जातं. गर्दी होते, जंतुसंसर्ग होतो, नातेवाईक गोंधळ घालतात ही कारणं ऐकायला मिळतात. गर्दीची अडचण खरी आहे आणि ती कर्मचाऱ्यांवर ढकलून चालणार नाही. पण ब्राझीलने २००५ साली कायदाच केला की सरकारी आरोग्यव्यवस्थेत बाळंत होणाऱ्या प्रत्येकीला तिच्या पसंतीचं एक माणूस कळांपासून प्रसूतीनंतरपर्यंत जवळ ठेवता येईल. कायदा झाला म्हणून तिथलं प्रत्येक दार उघडलं असं नाही, पण अडवणाऱ्याला जाब विचारता येतो. आपल्या सूचनांना ते बळ नाही.

दुसरी उणीव ‘नात्यातली’ या शब्दात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींत सोबत बाईच्या पसंतीची असावी असं म्हटलं आहे. आपल्याकडे कुणी आत जायचं हे घर ठरवतं. सुनेला आई हवी असते किंवा मैत्रीण, आणि आत जाते सासू. काहींना सासूच हवी असते, तेही खरं. पण विचारायला तर हवं. आणि बांधकामावर आलेल्या, उसाच्या फडावरून आणलेल्या बाईजवळ नात्यातली बाईच नसेल तर? तिला रुग्णालयापर्यंत आणणारी आशा दारातूनच परत का फिरावी? मेळघाटात कोरकू आणि भामरागडकडे माडिया बोलणाऱ्या बाईला तर आत काय चाललंय तेही कळत नाही. तिथे भाषा जाणणारी सोबतीण हा उपचाराचाच भाग मानायला हवा. आदिवासी भागांत महाराष्ट्र सरकारची माहेरघर योजना आहे. दुर्गम पाड्यांवरच्या बाईला तारखेच्या आधी काही दिवस आरोग्य केंद्राजवळ, घरच्या माणसासह राहता येतं. ज्याने कुणी हे सुचवलं त्याला बाळंतपण कळलेलं होतं. ती सोबत माहेरघराच्या खोलीतून लेबर रूमच्या टेबलापर्यंत नेणं, एवढंच अंतर उरतं.

ते शासनाकडून होईल तेव्हा होवो. तोवर घरच्यांनी सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीलाच विचारून ठेवावं की कळांच्या वेळी आत कोण येऊ शकतं, रात्रपाळीतही येऊ देतात का, सिझर झालं तर त्या माणसाने कुठे थांबायचं. २०१६च्या सूचनांचा उल्लेख करावा, भांडण न करता पण ठामपणे, आणि परवानगी केसपेपरवर लिहून घ्यावी. जी आत जाणार तिने आधी पोटभर जेवून घ्यावं, धुतलेले कपडे वेगळे काढून ठेवावेत आणि ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य घरीच ठेवून यावं. तिचं नाव मात्र गरोदर बाईने स्वतः सांगावं, सगळ्यांच्या देखत नाही, एकटीला विचारल्यावर.