डिस्चार्जनंतरचा व्यायाम कुठे करायचा?

मामीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा भातलावणी चालू होती. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वर तिचं गाव. दवाखान्यात आरोग्य योजनेच्या कार्डावर उपचार झाले, पदरचा पैसा गेला नाही. डिस्चार्जच्या कागदावर शेवटी लिहिलं होतं, ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’. कुठे, ते लिहिलं नव्हतं. मामा एका खासगी फिजिओकडे गेले, पिशवीतून कार्ड काढलं. “हे इथं चालत नाही, आजोबा.” मामांना वाटलं, कार्डच बाद झालं.

कार्ड बाद झालं नव्हतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते ठरलेल्या आजारांवर, योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोज जाऊन-येऊन घ्यायच्या व्यायामाचे पैसे त्यात बसत नाहीत. सत्तरीपुढच्यांच्या वय वंदना कार्डालाही हेच लागू. आमच्याकडे मात्र लोक ‘कार्ड घेणारा फिजिओ’ शोधत नारायणगाव ते मंचर फिरतात, आणि लकव्यानंतरचे सगळ्यात मोलाचे आठवडे त्यातच जातात.

म्हणून शोध सरकारी दवाखान्यापासून सुरू करावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथे योजनेचं कार्ड लागत नाही, केसपेपर पुरतो. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगावची ग्रामीण रुग्णालयं आपल्याजवळची. मोठं काम असेल तर औंधचं जिल्हा रुग्णालय. निघण्याआधी एकच विचारा: फिजिओ कोणत्या वारी, किती वाजता बसतात? आहुप्याहून एसटीने मंचरला यायचं तर अख्खा दिवस मोडतो, आणि मजुरी बुडते ती वेगळीच.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. पेशंट दाखल असतानाच आरोग्यमित्राला गाठा. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात पेशंटच्या मदतीला तो असतो. फिजिओला खाटेपाशी बोलवायला सांगा आणि घरच्या एकाने समोर बसून व्यायाम शिकून घ्या. मोबाईलवर व्हिडिओ काढा. आरोग्यमित्र दाद देत नसेल तर योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८.

लहान मुलांची वाट वेगळी आहे. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं, आणि दाखल न होता घेतलेल्या थेरपीचाही खर्च त्यात धरतात. बिलं मात्र जपून ठेवावी लागतात. शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलासाठी पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातही चौकशी करावी.

खासगीत जायची वेळ आलीच, तर राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी आहे का ते आधी पाहा. नुसता शेक देऊन पैसे घेणारेही भेटतात.

मामीला शेवटी सरकारी दवाखान्यातल्या मुलीने पीठ मळायला लावलं. आधी डाव्या हाताने उजवा हात परातीत ठेवायचा, मग बोटं एकेक करून दाबायची. मामा समोर बसून मोजायचे. पहिल्या दिवशी चार झाली, पाचवं बोट हललंच नाही. दिवाळीला तिने भाकरी थापली. कडेने फाटली होती, पण तिनेच तव्यावर टाकली.