आडवी बाटली आडवी का होत नाही?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली १७वी दारू न पिण्याची आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. तरीही १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेपुढे झिंगणारी पोरे कुणाच्या घरची असतात, हे आपल्याला ठाऊक नाही काय? त्यावर भाषणे पुष्कळ झाली. आज बोलायचे आहे ते महिलांच्या मतदानाबद्दल.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी महिलांना सांगितले होते की, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. पुढे शासनाने महिलांच्या हाती मतपत्रिका दिली. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. ऐकायला झकास! पण २००८च्या शासन आदेशातली अट बघा. मतदानाला आलेल्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांनी आडव्या बाटलीला मत द्यायचे. समजा, यादीत १,००० महिला आहेत. ६०० आल्या, ४८० जणींनी आडवी केली, १२० जणींनी उभी. तरी दुकान चालूच! ऊसतोडीला गेलेली, मयत होऊनही यादीत राहिलेली, त्या दिवशी नवऱ्याने घरात कोंडलेली, अशा सगळ्यांची मते दुकानदाराच्या खात्यात. आमदार मात्र पडलेल्या मतांवर निवडून येतो. एवढी कडक अट त्याला लावली असती, तर विधानसभेत किती खुर्च्या भरल्या असत्या?

संविधानाचा अनुच्छेद ४७ राज्याला दारूबंदीचा प्रयत्न करायला सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ला बंदी आली आणि मे २०२१मध्ये ती उठवण्याचा निर्णय झाला. कारण दिले ते अवैध दारू वाढल्याचे. बंदीत चोरटी दारू येते, हे खरेच आहे. पण जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, तेव्हा मुंबईत कुठे दारूबंदी होती? त्या दारूत मिथेनॉल होते. शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड होते, डोळ्यांच्या नसा जळतात, मग माणूस जातो. गेले ते हातावर पोट असणारे. दुकानातली बाटली परवडत नाही, म्हणून गुत्त्यावर जाणारे.

आणखी एक. दुकान बंद झाले की रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटते. हात थरथरतात, भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. घरचे 'बाहेरचे' समजून भगत गाठतात. त्याला सरकारी दवाखान्यात न्यायला हवे.

महिला मंडळांनी मतदानाची मागणी करण्याआधी मतदारयादी हातात घ्यावी. मयत आणि कायमचे गाव सोडून गेलेल्यांची नावे वगळण्यासाठी नमुना ७चा अर्ज असतो. दुकानदार हे काम करणार नाही.